तोच, की दुसरा?

वाट चुकून भलत्याच मुलखात आलेल्या पक्ष्याची बातमी आली की लोक दोन प्रश्न विचारतात. हा कोण? आणि इथे कसा आला? तिसरा प्रश्न फार थोडे जण विचारतात: गेल्या वर्षी शेकडो मैलांवर दिसलेला, तो हाच का?

बऱ्याच जणांना हा प्रश्न रिकामटेकडा वाटतो. "असेल तोच! नसला तर दुसरा! आपल्याला काय फरक पडतो?" असं आमच्या घरातच मी ऐकलेलं आहे. माझं मत उलट आहे. भरकटलेल्या पक्ष्याच्या बाबतीत हा तिसरा प्रश्नच सगळ्यांत महत्त्वाचा आहे, असं मला वाटतं. आणि त्याचं उत्तर आपल्या मनात काय यावंसं वाटतं यावर ठरवायचं नाही, पिसांवरून ठरवायचं. एवढंच आज सांगायचं आहे, पण जरा सविस्तर.

अमेरिकेत राहणाऱ्या आपल्यापैकी काहींनी ही गोष्ट तिथल्या वर्तमानपत्रांत वाचली असेल. स्टेलरचा समुद्रगरुड हा रशियाच्या अतिपूर्वेचा पक्षी. कामचाटका, ओखोत्स्क समुद्राचा किनारा, साखालिन, अमूर नदीचा खालचा भाग हे त्याचं घर, आणि हिवाळ्यात तो जपानच्या होक्काइडो बेटावर जातो. आपल्या कोकणच्या किनाऱ्यावर दिसणाऱ्या काकणाचा हा नातलग, पण त्याच्या दुपटीहून जड. गडद तपकिरी अंग, खांद्यावर आणि शेपटीत पांढराशुभ्र रंग आणि एवढी मोठी पिवळीधमक चोच की एकदा चित्र पाहिलं तर पुन्हा विसरणार नाही. साऱ्या जगात मिळून हे चार-पाच हजारच असावेत असा अंदाज आहे.

असा एक गरुड ऑगस्ट २०२० मध्ये अलास्काच्या आतल्या भागात दिसला. मार्च २०२१ मध्ये थेट टेक्सासात एक दिसला. त्याच वर्षी उन्हाळ्यात कॅनडाच्या पूर्वेला, न्यू ब्रन्स्विक आणि क्वेबेककडे. नोव्हेंबरात नोव्हा स्कोशिया. डिसेंबरात मॅसॅच्युसेट्समधल्या टॉन्टन नदीवर, आणि वर्ष संपता संपता मेन राज्यात. नंतर २०२२ पासून तो न्यूफाउंडलंडला दिसू लागला. कडाक्याच्या थंडीत दुर्बिणी घेऊन माणसं लांबलांबून गाड्या हाकत आली.

आता प्रश्न असा, की हे सगळे मिळून एक का सहा?

उत्तर दिलं ते पंखांनी. या गरुडाच्या पंखांवर काही पांढरे डाग आहेत, आणि ते त्या जातीतल्या प्रत्येकाला असतात तसे नाहीत. अलास्कातले उडतानाचे फोटो आणि पूर्व किनाऱ्यावरचे फोटो शेजारी ठेवून जाणकारांनी त्या डागांची मांडणी ताडून पाहिली आणि ती जुळली. म्हणून आज खात्रीने म्हणता येतं, की खंडाच्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला गेलेला तो एकच पक्षी आहे. टेक्सासच्या नोंदीपुढे मात्र जपून बोलणारे लोक "बहुधा तोच" एवढंच लिहितात, कारण पंख उघडलेला, डाग नीट ताडता येतील असा फोटो तिथला नाही. तारखा जुळतात, वाट जुळते, मन तर केव्हाच "हो" म्हणून मोकळं झालेलं असतं. पण पिसांची साक्ष नाही, म्हणून "बहुधा". या एका शब्दाबद्दल मला त्या लोकांचं मनापासून कौतुक वाटतं.

पिसांची साक्ष म्हणजे नेमकं काय, हे थोडं समजून घेऊ या.

पीस हे आपल्या नखासारखं असतं. वाढ पूर्ण झाली की ते निर्जीव होतं. मोडलं तर आपोआप जुळत नाही, झिजलं तर भरून येत नाही. पक्षी ठरावीक काळाने जुनं पीस टाकतो आणि त्या जागी नवं येतं, तोवर मोडकं ते मोडकंच. त्यामुळे पिसावर पक्ष्याचे गेले काही महिने, मोठ्या पक्ष्याच्या बाबतीत गेली काही वर्षं, लिहिलेली असतात. वाढीच्या दिवसांत उपासमार झाली किंवा मोठा ताण आला तर पिसावर आडवी फिकट रेघ उमटते आणि तिथे पीस कच्चं राहतं. उन्हाने रंग उडतो. गडद रंगद्रव्य पिसाला मजबुती देतं, म्हणून पांढरा भाग काळ्यापेक्षा लवकर झिजतो. हिवाळ्यात मुंबईच्या किनाऱ्यावर येणाऱ्या कुरवांमध्ये काहींच्या पंखांच्या काळ्या टोकांवर पांढरे ठिपके असतात. ते ठिपके झिजून झिजून उन्हाळ्यापर्यंत जवळजवळ नाहीसे होतात ते यामुळेच.

पंखाच्या टोकाकडची लांब पिसं बहुतेक पक्ष्यांना नऊ-दहा असतात, आणि जाणकार त्यांना आतून बाहेर क्रमांक देतात. वर्गातल्या बाकांना द्यावेत तसे. मग "उजव्या पंखाचं चौथं पीस अर्ध्यावर मोडलेलं, सातवं नवं आणि गडद, आठव्यापासून पुढची जुनी आणि विटकी" असं वर्णन करता येतं. मोठ्या गरुडाला उडायची सगळी पिसं बदलायला काही वर्षं लागतात, म्हणून त्याच्या एकाच पंखात दोन-तीन पिढ्यांची पिसं एकत्र नांदत असतात. त्यांची मांडणी दोन पक्ष्यांत अगदी तंतोतंत सारखी असणं फार अवघड. एक खूण जुळली तर योगायोग म्हणता येईल. दोन्ही पंखांवरच्या चार-पाच खुणा जुळल्या तर योगायोगाला जागा उरत नाही.

पण या साक्षीला मुदत असते, हे विसरून चालणार नाही. मोडलेलं पीस गळून नवं आलं की तो पुरावा संपला. पुढच्या वर्षी तीच मोडतोड दिसली नाही म्हणून पक्षी दुसरा ठरत नाही. उलट, पुढच्या वर्षी त्याच जागी तसंच मोडलेलं पीस दिसलं, तर एखादे वेळी तोच दुसरा असण्याचा संभव! लहान पक्षी साधारण वर्षाकाठी सगळा पोशाख बदलतात, त्यांच्या बाबतीत तर हे फार जपावं लागतं. रंगद्रव्य नसल्याने आलेल्या पांढऱ्या डागांसारख्या खुणा मात्र नव्या पिसांतही पुन्हा येऊ शकतात, म्हणून त्या जास्त भरवशाच्या. आणि पक्षी वयात यायचा असेल तर त्याचा सगळा रंगच पालटत जातो, ते वेगळंच.

आणखी एक साधी गोष्ट. डावी बाजू डावीशीच ताडायची. हे आपल्याकडे वाघांच्या अभ्यासकांना चांगलं ठाऊक आहे. वाघाच्या दोन कुशींवरचे पट्टे सारखे नसतात, म्हणून कॅमेरे जोडीने, समोरासमोर लावतात. २०२४ च्या डिसेंबरात धाराशिव जिल्ह्यातल्या येडशी रामलिंग अभयारण्यात कॅमेऱ्यात आलेला वाघ हा दूर यवतमाळकडच्या टिपेश्वरचा आहे, हे पट्ट्यांवरूनच कळलं. पट्टे ताडले नसते तर "कुठून तरी आलेला एक वाघ" एवढंच आपण म्हटलं असतं. ताडले म्हणून कळलं, की शेकडो किलोमीटरची शेतं, रस्ते आणि गावं ओलांडून एक वाघ चालत येऊ शकतो. जाणाऱ्या-येणाऱ्याची ओळख पटली तरच त्याची वाट कळते, नाही का?

आता माझ्या मुख्य तक्रारीकडे येते. पक्षी दुर्मिळ असला की माणसं एक सोपा तर्क लढवतात. "इतका दुर्मिळ पक्षी! दोन कुठून असणार? म्हणजे तोच." ऐकायला बिनतोड वाटतं. पण त्या समुद्रगरुडाच्या गोष्टीतच या तर्काला चपराक बसलेली आहे.

सप्टेंबर २०२१ च्या शेवटी अमेरिकेतल्या पिट्सबर्ग शहरातल्या नॅशनल एव्हिअरी या पक्षिसंग्रहालयातून एक पक्षी निसटला. कोणता? स्टेलरचा समुद्रगरुड! कोडिॲक नावाचा नर. आठवडाभर तो शहराच्या आसपास मोकळा होता आणि ऑक्टोबरच्या सुरुवातीला सापडला. म्हणजे ज्या दिवसांत तो रानटी गरुड खंडाच्या पूर्व भागात फिरत होता, त्याच दिवसांत त्याच जातीचा दुसरा गरुड तिथून काही शे मैलांवर उडत होता. त्या आठवड्यात मधल्या एखाद्या गावातून धूसर फोटो आला असता तर? "दोन कुठून असणार" म्हणणाऱ्याने तो सरळ पहिल्याच्या खात्यावर जमा केला असता. दुर्मिळपणा हा पुरावा नव्हे. तो फार तर अंदाज आहे.

दुसरं उदाहरण जुनं आहे आणि मोठं गोड आहे, म्हणूनच धोक्याचं. काळ्या भुवयांचा अल्बट्रॉस दक्षिण गोलार्धातला. असा एक अल्बट्रॉस १९६७ मध्ये स्कॉटलंडच्या बास रॉक बेटावर गॅनेट पक्ष्यांच्या वसाहतीत येऊन बसला. पुढे १९७२ पासून १९९५ पर्यंत, मधली काही वर्षं सोडून, शेटलंड बेटांवरच्या हर्मानेसला एक येत राहिला. लोकांनी त्याला अल्बर्ट हे लाडकं नाव दिलं. विषुववृत्ताच्या चुकीच्या बाजूला अडकलेला, जोडीदाराची वाट बघत दरवर्षी येणारा एकाकी जीव! कोणाचं मन विरघळणार नाही? अल्बट्रॉस कित्येक दशकं जगतात, तेव्हा हा एकच असणं सहज शक्य आहे आणि बहुतेक जण तसंच मानतात. हर्मानेसला वर्षानुवर्षं त्याच ठिकाणी येणारा एकच असेल, हेही पटण्यासारखं आहे. पण बास रॉकवरचा आणि हर्मानेसचा एकच, हे म्हणताना मधल्या काळाचा आणि अंतराचा धागा आपण मनाने विणतो. गोष्ट जितकी सुंदर, तितका पुरावा कसून मागावा, असं मला वाटतं. कारण सुंदर गोष्टीकडे पुरावा मागायला आपली जीभच रेटत नाही.

"पण एवढा काटेकोरपणा कशाला?" याचं उत्तर माझ्यासारखी शिक्षिका हजेरीपटाच्या भाषेत देणार. एकाच मुलाने सहा तासांना सहा वेळा "हजर" म्हटलं म्हणून वर्गात सहा मुलं होत नाहीत. आणि दोन जुळ्यांपैकी एकालाच दोनदा हाक मारली तर दुसरा गैरहजर असल्याचं कळतच नाही. भरकटलेल्या पक्ष्यांच्या नोंदींवरून अभ्यासक मोठमोठी अनुमानं काढतात. एखाद्या जातीचं क्षेत्र सरकतं आहे का? वादळांनी किती पक्षी फेकले गेले? नवी वाट रुळते आहे का? सहा नोंदी म्हणजे सहा पक्षी असतील तर काहीतरी मोठं घडतं आहे. सहा नोंदी म्हणजे एकच भटक्या असेल तर ती एका जिवाची गोष्ट आहे. दोन्ही गोष्टी मोलाच्या आहेत, पण त्या एक नव्हेत.

ओळखीच्या घोळाची किंमत काय असते, याचा धडा तर आपल्या खानदेशानेच जगाला दिला आहे. तो पक्षी भरकटलेला नव्हता, इथलाच होता: रानपिंगळा. १८८० च्या दशकात जेम्स डेव्हिडसन या इंग्रज अधिकाऱ्याने खानदेशात त्याचे नमुने गोळा केले. त्यानंतर खरी नोंद नाही. पुढे कर्नल रिचर्ड माइनर्टझागेन या नामांकित पक्षितज्ज्ञाने, आपण १९१४ मध्ये गुजरातेतल्या मांडवीला एक मिळवला, असं सांगितलं, आणि नमुनाही दाखवला. झालं! पुढे शोधणारे त्या नोंदीच्या मागे गुजरातेत फिरले आणि हात हलवत परतले. पक्षी नामशेष झाला असावा, असं लोक धरून चालले.

पॅमेला रासमुसेन या अमेरिकन संशोधक बाईंनी त्या नमुन्याकडे वेगळ्या नजरेने पाहिलं. "ही जात कोणती" हा प्रश्न त्यांना नव्हताच. "हा नेमका कोणता पक्षी" हा प्रश्न होता. कातडी कशी शिवली आहे, आत काय आणि कसं भरलं आहे, हे त्यांनी बारकाईने तपासलं, आणि डेव्हिडसनच्या हातची पद्धत त्यात सापडली. डेव्हिडसनचाच एक पक्षी चोरून, उसवून, पुन्हा भरून, त्यावर खोटी चिठ्ठी लावलेली होती. म्हणजे १९१४ ची नोंद बाद! मग त्या बेन किंग आणि डेव्हिड ॲबट यांच्यासोबत जुन्या, खऱ्या नोंदींच्या जागी गेल्या, आणि नोव्हेंबर १९९७ मध्ये शहाद्याजवळ, सातपुड्याच्या पायथ्याशी, रानपिंगळा झाडावर बसलेला दिसला. शंभराहून अधिक वर्षांनी! एका पक्ष्याला दोन समजल्यामुळे माणसं भलत्या रानात शोधत राहिली, आणि ते दोन नसून एकच आहेत हे कळल्यावर खरं रान सापडलं. यापुढे "काय फरक पडतो" असं कोणी विचारू नये.

आता विरुद्ध बाजूचंही ऐकायला हवं. एक आक्षेप असा, की खूण हवीच असेल तर पक्षी पकडून पायात कडं घालावं, पिसं कसली मोजत बसता? कड्याइतका पक्का पुरावा नाही, हे खरंच. पण भरकटलेला पक्षी आधीच थकलेला आणि परक्या मुलखात असतो, त्याला केवळ आपल्या कुतूहलासाठी पकडणं मला रास्त वाटत नाही. शिवाय न पकडताही पुष्कळ साधतं. पीटर स्कॉट यांनी १९६४ मध्ये इंग्लंडमधल्या स्लिमब्रिजला, हिवाळ्यात येणाऱ्या ब्यूइक हंसांच्या चोचींवरचे पिवळे-काळे नकाशे चितारायला सुरुवात केली. प्रत्येकाचा नकाशा निराळा. नुसतं निरखून आणि रेखाटून त्यांनी एकेका हंसाची ओळख ठेवली, आणि त्यातून कोण कोणाच्या जोडीने येतो, पिल्लं किती आणतो, हे वर्षानुवर्षं कळत गेलं. तिथे चोच होती, आपल्याकडे पीस. नजर तीच.

दुसरा आक्षेप मला जास्त पटतो. पंख उघडलेला फोटो हवा म्हणून लोक पक्ष्याला उडवतात. हे मात्र अजिबात चालणार नाही. पक्षी आपल्या मर्जीने उडेपर्यंत वाट बघण्याइतका धीर नसेल तर त्याची ओळख राहिली तरी चालेल. "बहुधा" हा शब्द त्यासाठीच आहे.

आता थोडं आजच्या काळाबद्दल. आज प्रत्येकाच्या हातात कॅमेरा आहे, म्हणजे ओळख सोपी व्हायला हवी. होते ती अवघड. कारण लोक सुंदर फोटो तेवढा दाखवतात, फांदीवर डौलात बसलेला, डोळ्यांत चमक असलेला. ओळखीला उपयोगी पडतो तो कुरूप फोटो: पंख वेडावाकडा उघडलेला, शेपूट पसरलेली, थोडा हललेला. तो पुसून टाकला जातो. त्याहून वाईट म्हणजे, फोटो "सुधारणारी" नवी कृत्रिम बुद्धिमत्तेची साधनं धूसर जागी पिसं स्वतःच रंगवून टाकतात. मोडकं पीस नीट करून देतात, विटलेल्या कडा कोरून देतात. दिसायला फोटो स्वच्छ, पण त्यातलं पीस त्या पक्ष्याचं नाहीच! साक्षीदाराला पढवून न्यायालयात उभं करावं, तसंच हे. पन्नास वर्षांनी कोणी हे फोटो ताडायला बसला, तर त्याच्या हातात पक्षी येणार नाही, यंत्राची कल्पना येईल.

म्हणून पक्षी बघायला जाणाऱ्या आमच्या भाचरांना आणि नातवंडांना माझं सांगणं असं. मूळ फोटो जपून ठेवा, न सजवलेले. दोन्ही बाजू घ्या. पंख वरून आणि खालून, जमेल तेवढे. तारीख आणि जागा लिहा. खूण दिसली नाही आणि खूण नाही, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, त्या वेगळ्याच लिहा. जुळणाऱ्या खुणांबरोबर न जुळणाऱ्याही तितक्याच प्रामाणिकपणे लिहा. आणि खात्री नसेल तेव्हा "बहुधा" लिहायला लाजू नका. लाडकं नाव जरूर ठेवा, त्याने माया लागते आणि माया लागली की माणूस काळजी घेतो. पण एका नावाखाली दोन जीव कोंबू नका.

शेवटी हा न्यायाचाही प्रश्न आहे, असं मला वाटतं. आपण जातीला ओळखतो आणि समजतो की पक्ष्याला ओळखलं. पण हजारो मैल उडतो ती जात नव्हे. वादळात सापडतो, उपाशी राहतो, पीस मोडून घेतो, तो एक जीव असतो. त्याचा प्रवास त्याच्याच खात्यावर मांडला जावा, दुसऱ्याच्या नव्हे, एवढा तरी त्याचा हक्क आहे. आणि ते करायला एका मोडक्या पिसाकडे नीट बघावं लागतं, बस्स.

तुम्हाला काय वाटतं, जरूर सांगा. मतभेद असला तरी चालेल, पण पुराव्यानिशी!